नथ्थूजी मिस्त्रींचं पुलगाव

आमच्या देवळीत कोणी पुलगावला निघालं की पारावरचे लोक विचारायचे, "कोणत्या पुलगावले? आपल्या, का नथ्थूजीच्या?" आणि दात काढायचे. आपलं पुलगाव म्हणजे बसनं अर्ध्या तासाचं, वर्धा नदीकाठचं. नथ्थूजी मिस्त्रींचं पुलगाव सात समुद्रांपलीकडे, ऑस्ट्रिया देशात, आल्प्सच्या बर्फाच्या डोंगरांत. त्याचं खरं नाव इन्सब्रुक. "इन हे नदीचं नाव, ब्रुक म्हंजे पूल," मिस्त्री समजावून सांगायचे. "पुलापाशी वसलेलं गाव. मंग पुलगावच झालं का नाई?"

त्या शहरात त्यांनी जेमतेम दीड वर्ष काढलं, तेही कैदी म्हणून. बाकी सगळा जन्म देवळीत. पण बोलायला बसले की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस तिथलाच, इथे पाहुणा म्हणून आला आहे.

मी लग्न होऊन देवळीत आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आमच्या घराची आणि मिस्त्रींच्या घराची मधली भिंत एकच. त्यांची खोकल्याची उबळ आम्हाला ऐकू यायची आणि आमच्या सासूबाईंचा तोंडपट्टा त्यांना. ते माझ्या सासऱ्यांच्या वयाचे, म्हणून मी त्यांना मामाजी म्हणत असे. ते मला सूनबाई म्हणायचे. उंच, वाकलेला देह, भुवयांत कायम चुना. डाव्या पायाची दोन बोटं नव्हती, त्यामुळे टाचेवर जोर देऊन चालायचे. ती बोटं इन्सब्रुकच्या थंडीनं खाल्ली असं ते सांगायचे, आणि नेमकं हेच गावाला पटायचं नाही.

"बर्फानं बोटं झडतेत काय?" पारावर कोणीतरी म्हणायचं. "बर्फ तं आमी उसाच्या रसात टाकून पेतो. आमचे दात बी नाई झडले."

"तुया रसात एक ढेकूळ रायते रे," मिस्त्री म्हणायचे. "तिथी सारा डोंगर रायते."

पलटणीत भरती झाले, वाळवंटात पकडले गेले, आधी इटलीत ठेवलं, मग मालगाडीच्या डब्यात कोंडून डोंगर ओलांडून त्या शहरात आणलं. बस, एवढंच ते लढाईबद्दल सांगत. शहरावर आकाशातून बॉम्ब पडायचे, आणि कैद्यांना पडलेल्या घरांचे दगड उचलायला लावायचे. "अन् बॉम्ब टाकणारे कोण? आमच्याच बाजूचे," ते म्हणायचे. यावर हसावं की काय करावं हे कोणालाच कळायचं नाही.

शहराबद्दल मात्र भरभरून बोलायचे. रस्त्याच्या टोकाला नजर टाकावी तर आभाळ दिसत नाही, डोंगर दिसतो. असा अंगावर आलेला की वाटावं, आता घरांवर बसतो. नदीचं पाणी हिरवट-करडं, उन्हाळ्यातही हात बधिर करणारं. डोंगरातून मीठ निघायचं, चांदी निघायची, आणि दक्षिणेकडच्या घाटातून व्यापाऱ्यांच्या गाड्या उतरायच्या, म्हणून त्या चिमूटभर गावाला एकेकाळी बादशहाचं तोंड दिसलं. त्या बादशहानं जत्रा पाहायला एक सज्जा बांधून घेतला, त्याच्या छपराला तांब्याची कौलं, कौलांवर सोन्याचं पाणी. आणि आपल्या मरणाचीही सोय केली. देवळात मोठी कबर बांधायला काढली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच काळेकभिन्न पुतळे, रडायला आल्यासारखे.

"पण बादशाला पुरलं दुसऱ्याच गावाले," मिस्त्री सांगायचे. "कबर रिकामी. रडणारे चारशे साल झाले, उभेच आहेत."

मी त्यांना एकदा विचारलं, "तुम्ही पाह्यले ते पुतळे?"

"नाई. मी गेलो तं बॉम्बच्या भेवानं ते बी कुठीतरी लपवून ठेवले होते. योसेफनं मले नुसती जागा दाखवली."

हा योसेफ म्हणजे तिथला म्हातारा गवंडी. पडक्या भिंती सावरायला त्याला दोन हात हवे होते, म्हणून पहारेकऱ्यांनी नथ्थूजींना त्याच्या हाताखाली दिलं. एकमेकांची भाषा येत नव्हती. म्हाताऱ्यानं खुणांनी सगळं शिकवलं, दगड कसा बसवायचा, कमान कशी वळवायची. त्याची लेक होती, आना, सतरा-अठरा वर्षांची. दुपारी बापाला डबा घेऊन यायची आणि पहारेकरी पाठमोरा झाला की अर्धा पाव नथ्थूजींच्या हाती द्यायची. मिस्त्री म्हणायचे, "जिथी डोंगर डोक्यावर उभा रायते ना, तिथी माणूस कमी बोलते. मले दीड वर्षात त्या पोरीनं दहा शब्द सांगितले असतीन. पण पाव रोज देल्ला."

इथून शेतमजूर म्हणून गेलेला माणूस गवंडी होऊन परत आला. आणि इन्सब्रुक देवळीत बांधायला लागला, असं आमचे हे थट्टेनं म्हणायचे. तिथे दुकानांपुढे जाड कमानींचे ओटे असतात, वरचं बर्फ गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पडू नये म्हणून. बाजार ओळीतल्या एका कापड दुकानाचं काम मिस्त्रींकडे आलं, तर त्यांनी पुढे तशाच चार कमानी उभ्या केल्या. शेठजी कपाळाला हात लावून बसले.

"अरे बाबा, देवळी में बर्फ कब गिरी? मेरी आधी दुकान तो खांबाच खा गया!"

"शेठजी, बर्फ नाई तं ऊन तं पडते ना," मिस्त्री म्हणाले. "मे महिना येऊ द्या, मंग मले शिव्या द्याजो."

मे महिना आला. सत्तेचाळीस डिग्रीच्या उन्हात सगळा बाजार ओस, आणि त्या कमानींखाली माणसांची ही दाटी. शेठजींनी पुढे तिथे माठ भरून ठेवला. शिव्या दिल्या नाहीत, पण चांगलंही म्हणाले नाहीत.

एक खोड मात्र साऱ्या गावाला ठाऊक होती. त्या शहरात दक्षिणेकडून डोंगर उतरून एक गरम वारा येतो म्हणे. भर थंडीत येतो, एका दिवसात बर्फ पाणी करतो, आणि माणसांची डोकी फिरवतो. नवरा-बायको भांडतात, कामावर अपघात होतात. म्हातारा योसेफ त्या दिवशी नवी भिंत सुरू करत नसे. मिस्त्रींनी हा नियम आपल्याकडच्या झळांना लावला. उन्हाळ्यात गरम वारा सुटला की ते ओळंबा गुंडाळून ठेवायचे. एवढंच नाही, कोणताच निर्णय करायचे नाहीत. त्यांच्या मुलीला, शांतेला, पाहायला केळझरची मंडळी आली त्या दिवशी असाच वारा होता. मिस्त्रींनी त्यांना सरबत पाजलं आणि म्हणाले, "आज वारा आहे जी. सोयरिकीचं उद्या बोलू." ती मंडळी अशी रागावून गेली की परत आलीच नाहीत. मिस्त्रींची बायको गयाबाई वर्षभर त्या वाऱ्याच्या नावानं बोटं मोडत होती.

वर्षातून एकदा, डिसेंबर सरताना, इन्सब्रुकहून आनाचं कार्ड यायचं. डोंगराचं चित्र आणि मागे तीन-चार ओळी. सुटका झाली तेव्हा नथ्थूजींनी तिला पत्ता लिहून दिला होता. मिस्त्री सायकल काढून वर्ध्याजवळच्या एका दवाखान्यात जायचे. तिथे त्याच मुलखाची भाषा जाणणाऱ्या एक सिस्टर होत्या. त्या कार्ड वाचून दाखवायच्या, उत्तर लिहून द्यायच्या. मग ते कार्ड घरी येऊन खिळ्यावर लागायचं. भिंतभर डोंगर झाले होते.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. यशोदा नदीकाठच्या एका मळ्यात विहिरीचं काम चालू होतं आणि सकाळी विहीर खचली. आत बबन नावाचा गडी होता, दोन लेकरांचा बाप. लोक जमले, वर उभे राहून म्हणाले, संपलं. वरची माती अजून घसरत होती. मिस्त्री तिथे पोचले आणि पोटावर आडवे झाले. कान मातीला लावला.

"जिता आहे," ते म्हणाले.

"मामा, सरका तिथून! तुमच्यासकट खाली जाईन ते!"

"जिता आहे म्हणतो ना. फावडे आणा."

पंचावन्न वर्षांचा माणूस दिवस मावळेपर्यंत त्या खड्ड्यात होता. खालची माती हातांनी काढत होता, कारण फावडं मारलं तर आतल्या माणसाला लागेल. बबन बाहेर आला, मांडी मोडलेला, तोंडात माती, पण जिवंत. गावानं मिस्त्रींना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. आणि मिस्त्री घरी येऊन कोपऱ्यात बसले ते कोणाशी बोलेनात.

दुसऱ्या दिवशी मी हळदीचा लेप घेऊन गेले. बोटांची सालं निघाली होती. गयाबाई लेप लावत होती, मी वाटी धरून होते. तेव्हा ते बोलले.

"सूनबाई, योसेफ बी असाच दबला होता."

आम्हा दोघींना माहीत होतं ते एवढंच की योसेफ बॉम्बमध्ये मेला. मिस्त्री सांगत गेले. दोघं एका तळघरात काम करत होते. मिस्त्री पाणी आणायला वर आले आणि बॉम्ब पडला. घर बसलं. धूळ खाली बसल्यावर त्यांना आतून ठोकण्याचा आवाज आला. दगडावर दगड. तीनदा, मग थांबून पुन्हा तीनदा. तेवढ्यात दुसरा भोंगा झाला. पहारेकरी कैद्यांना डोंगरातल्या बोगद्याकडे हाकू लागला. त्यानं जाता जाता खुणेनं मिस्त्रींना विचारलं, आत कोणी आहे का?

"हो म्हटलं असतं तं मले तिथीच खोदाले ठेवलं असतं. वरून बॉम्ब पडून राह्यले होते. मी मान हालवली. नाई म्हटलं."

गयाबाईचा हात थांबला.

"दोन घंट्यानं आलो. आवाज बंद झाला होता. मंग आना आली. तिनं मले हातवारे करून विचारलं, लवकर गेले का? मी म्हटलं, लगेच. दुखलं नाई. ती मले कार्ड पाठवते, गया. तीस वर्षं झाले, ती मले कार्ड पाठवते."

नंतर ते असं म्हणाले की बबन्याला काढलं नसतं तर आपण हे गिळूनच मेलो असतो. पण काढता येतं, हे आता हातांना कळलं आहे.

दिवाळी झाल्यावर ते सिस्टरांकडे गेले. सगळं खरं लिहा म्हणाले. सिस्टर चांगल्या बाई होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "नथ्थूजी, तीस साल हो गए. अब उस को क्यों दुख देना?"

"सिस्टर, बाप उसका था. उस को मालूम होना."

पत्र गेलं. त्या डिसेंबरात कार्ड आलं नाही. संक्रांत झाली, होळी झाली. मिस्त्री रोज पोस्टमनची वेळ झाली की काम टाकून ओट्यावर येऊन बसायचे. काय येईल ते येवो, ते म्हणायचे, शिवी येवो, पण येवो. गयाबाई मला हळूच म्हणाली, "जेवत नाई वं धड. त्या बाईनं एक अक्षर तरी लिहावं."

मे महिन्यात पत्र आलं. त्या दिवशी गरम वारा होता. हे मी मुद्दाम सांगते. मिस्त्री आत पडले होते, डोळा लागला होता. वामन पोस्टमननं पाकीट ओट्यावर ठेवलं आणि सायकल मारून गेला. गयाबाईनं ते उचललं आणि तिथेच टाकलं. मला हाक मारली.

पाकिटाचा वरचा उजवा कोपरा फाटलेला होता.

आता नव्या मुलांना सांगावं लागेल. आमच्याकडे कोणी गेल्याचं कळवायचं असलं की पोस्टकार्डाचा कोपरा फाडून पाठवतात. असं पत्र उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. बाहेर उभ्यानं वाचायचं, वाचून फाडून टाकायचं आणि आंघोळ करूनच घरात पाय ठेवायचा. घरात ठेवलं तर मरण घरात राहतं, अशी समजूत.

सासूबाई आल्या, त्यांनी दुरूनच पाहिलं. "गेली ती बाई," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तं कार्ड नाई आलं."

मिस्त्री उठून बाहेर आले. सिस्टर तेव्हा तीन महिन्यांच्या सुट्टीवर आपल्या देशी गेल्या होत्या, पत्र वाचणारं जिल्ह्यात कोणी नव्हतं. मी भीत भीत म्हटलं, "मामाजी, गोठ्यात माळ्यावर ठेवून द्या. सिस्टर आल्या की वाचतीन."

"गोठा का घराबाहेर आहे?" सासूबाई माझ्यावर कडाडल्या. "लक्ष्मी बांधली हाय तिथी. नथ्थूभाऊ, तुमच्या शांतेचं अजून लगन व्हाचं आहे, ध्यानात ठेवजा."

मिस्त्रींनी पाकीट हातात धरलं. उघडलं नाही. अंगठ्यानं दाबून पाहिलं. "जाड आहे," एवढंच म्हणाले. मला वाटलं, वारा आहे, आज काही ठरवायचं नाही असं ते म्हणतील. त्यांनी पाकिटाचे दोन तुकडे केले, मग चार, मग कितीतरी. ओंजळीत घेऊन यशोदेवर गेले. नदीत डबकं तेवढं उरलं होतं, त्यात सोडले. तिथेच डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या धोतरानं परत आले.

यानंतर एक विचित्र झालं. मिस्त्री सुधारले. जेवायला लागले. पोट्ट्यांना गोष्टी सांगायला लागले. शांतेचं लग्न आर्वीला ठरवून टाकलं, तेही वाऱ्याच्याच दिवशी. गयाबाई म्हणाली, "दुःख मोठं होतं, पण सुटले बापा." मलाही तसंच वाटलं.

पुढच्या जानेवारीत आणखी एक पाकीट आलं. चारी कोपरे धड. पांढरं शुभ्र, आणि सभोवार बोटभर काळा काठ.

"बाई वं, काय काठ आहे!" गयाबाई म्हणाली. "जशी चंद्रकळा." आनाच्या कोणा नातलगानं आठवण ठेवून लिहिलं असेल असं वाटून आम्ही सगळ्या खूष झालो. गयाबाईनं ते पाकीट देव्हाऱ्यात ठेवलं, वर हळदीकुंकू वाहिलं. दोन दिवस ते देवाजवळ होतं.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री सिस्टरांकडे निघाले. माझा दात दुखत होता, त्याच दवाखान्यात दाखवायचा होता, म्हणून मीही त्याच बसनं गेले. सिस्टरांनी पाकीट पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. कुंकवाचा डाग बोटानं पुसला. त्यांच्या देशात काळा काठ म्हणजे घरात मरण झाल्याची खूण.

पत्र आनाच्या भाचीचं होतं. मावशी नाताळाच्या आठ दिवस आधी गेली. तुमचं पत्र आलं तेव्हा ती खूप दिवस कोणाशी बोलली नाही, त्या वर्षी तिनं कोणालाच कार्ड पाठवलं नाही. मग वसंतात बसून तिनं तुम्हाला लांब उत्तर लिहिलं. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. सगळा उन्हाळा ती विचारत होती, हिंदुस्थानातून काही आलं का. तुम्हाला ते मिळालं का, एवढं कळवाल तर बरं.

"आना मई में नहीं मरी, नथ्थूजी," सिस्टर म्हणाल्या. "अभी मरी."

मिस्त्रींनी विचारलं, "फिर कोना किसने फाडा?"

सिस्टरांना तो प्रश्नच कळला नाही. त्यांच्याकडे कोणी कोपरा फाडत नाही.

कोणी फाडला ते दुसऱ्या दिवशी कळलं. वामन पोस्टमन आपणहून आला. त्याला परदेशी तिकिटं जमवायची हौस होती. घरच्या आरशाभोवती त्यानं ती चिकटवली होती. आनाच्या कार्डांवरची तिकिटं तो वर्षानुवर्षं मिस्त्रींना विचारून, पाण्यात भिजवून काढून न्यायचा.

"त्या दिवशी तुमी झोपले होते," तो म्हणाला. "तिकिटावर डोंगर होता, लई सुंदर. भिजवाले टाइम नोता. कोपराच फाडून घेतला."

गयाबाई त्याच्या अंगावर धावली. "मेल्या, तू टपाल वाटतं! तुले कोपऱ्याचा अर्थ ठाऊक नाई?"

"वहिनी, तो आपल्या कार्डाचा अर्थ. विलायती पाकिटाले कोणी तसं समजन असं माह्या सपनातबी नाई आलं." तो मिस्त्रींच्या पायाशी बसला आणि रडायला लागला.

मिस्त्रींनी त्याला उठवलं. "त्याले काऊन बोलता?" ते गयाबाईला म्हणाले. "त्यानं कोपरा फाडला. पत्र मी फाडलं."

"तुमाले काय माहीत होतं?"

"जाड होतं, गया. कोणी मेल्याचं पत्र इतकं जाड रायते काय? मले हाताले कळलं होतं." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सूनबाईनं ठेवा म्हटलं होतं. मी ऐकलं असतं. पण मले तेव्हा बरं वाटलं. मेलेली बाई काय विचारीन? वाटलं, सुटलो."

सासूबाई ओट्यावर होत्या. त्या उठून घरात गेल्या.

मिस्त्रींनी सिस्टरांकडून भाचीला एकच प्रश्न लिहवून घेतला. पत्रात काय होतं ते तिला माहीत नाही, ठीक. पण ते पोस्टात टाकताना आनाचा चेहरा कसा होता, ते सांग. सिस्टरांनी हे दोनदा विचारून घेतलं, मग लिहिलं.

उत्तर दीड महिन्यात आलं. भाचीनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. चेहरा मी पाहिला नाही. त्या दिवशी आमच्याकडे गरम वारा सुटला होता, मावशीचं डोकं दुखत होतं. मी म्हटलं, दे, मी टाकते. तिनं दिलं नाही. काठी घेऊन, पूल ओलांडून, स्वतः पोस्टात गेली.

हे उत्तर मिस्त्रींनी वर्षभर चघळलं. कामं जवळजवळ बंद केली. "सोता गेली," ते म्हणायचे. "रागावलेलं माणूस बी सोताच जाते. माफ करणारं बी सोताच जाते." गयाबाई समजूत घालायची, माफच केलं असंन हो. "तू माही बायको आहेस," ते म्हणायचे, "तू दुसरं काय म्हणशीन?" सिस्टर म्हणाल्या, प्रभू माफ करतो. ते म्हणाले, प्रभूला कुठं विचारलं मी.

मिस्त्री भादव्यात गेले. ओट्यावर बसल्या बसल्या, सकाळच्या चहाच्या वेळी. मी गावात नव्हते. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला पुलगावला गेले होते, सव्वा महिना तिकडेच राहिले. परतले तोवर त्यांच्या घरची तेरवीही उलटली होती. म्हणून माझ्या डोळ्यांपुढे ते राहिलेत ते मी निघाले त्या सकाळचे.

बसस्टँडवर पोचले तर मिस्त्री आधीच येऊन उभे. टाचेवर जोर देत तेवढं अंतर चालत आले होते. मला वाटलं, बहिणीसाठी गयाबाईनं डिंकाचे लाडू पाठवले असतील. हात रिकामे होते. मी खिडकीशी बसले, ते खाली, खिडकीच्या गजाला धरून.

"सूनबाई, एक विचारतो. तू खरं सांगजो."

"विचारा ना, मामाजी."

"तू बी कोणाची लेक आहेस. तुया बापाले कोणी असं सोडून आलं असतं, अन् तीस सालानं त्यानं तुले लिहिलं असतं. तू काय लिहिलं असतं?"

माझे वडील तेव्हा हयात होते. मला एकदम त्यांचाच चेहरा दिसला, मातीत. तोंडात आलेलं "माफ केलं असतं" बाहेर पडेना. नाही म्हणायचाही धीर होईना. कंडक्टरनं घंटी दिली.

"आल्यावर सांगते, मामाजी," मी म्हटलं.

"सांगजो," ते म्हणाले. गाडी हलली तरी त्यांनी गज सोडला नव्हता. चार पावलं बरोबर आले, मग हात सुटला. मी मागे वळून पाहिलं तर ते धुरळ्यात तसेच उभे होते, मान किंचित कलती, एक कान गाडीच्या दिशेनं केलेला, मी अजून काही म्हणेन म्हणून.